गळतीचे वैरी

प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच, की सरकारनं, रेल्वेनं किंवा काळानं जे काही मोडीत काढलं ते थेट आपल्या नावावर चढलं अशी त्याची समजूत असते. कुणाकडं बंद पडलेल्या घड्याळांची भिंत असते, कुणी निजामाची तांब्याची नाणी डब्यात घालून वाजवत बसतो. ढोकीच्या वाट्याला तारमामा आले. मामांनी जमवले इन्सुलेटर. तारेच्या आणि टेलिफोनच्या खांबांवर पूर्वी उपडे बसवलेले असायचे ते चिनी मातीचे पांढरे कप.

ज्यांचा जन्म मोबाइलच्या टॉवरखाली झाला त्यांच्यासाठी थोडा खुलासा. रुळाच्या कडेनं लोखंडी खांबांची रांग असे. खांबाला आडव्या पट्ट्या, पट्टीवर उभे बोल्ट, बोल्टवर हे कप आणि कपाच्या गळ्याशी बांधलेली उघडी तार. तारेवर कोतवाल, वेडे राघू, एखादा नीलपंख. गाडीच्या खिडकीतून बघणारी बहुतेक पोरं तारेकडं बघायची, काही पक्ष्यांकडं. कपाकडं बघणारी पोरं दोनच प्रकारची. एक, बेचकीत खडा भरलेली. दुसरी, पुढं जाऊन तारमामा होणारी. मामा पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात आले असं मामी सांगतात. मामा ते नाकारत नाहीत. "नेम चांगला होता म्हणूनच खात्यानं घेतलं," एवढीच दुरुस्ती करतात.

मामांचं खरं नाव रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या पासबुकात सुखरूप आहे. बाहेर ते कुणी वापरत नाही. वय सत्तरीपलीकडं, उंची भरपूर. खांबावर चढायचं निम्मं काम देवानं आधीच उरकून ठेवलेलं. तार-टेलिफोन खात्यात जन्मभर लाइनमन. चालताना नजर अजूनही वरच असते, त्यामुळं ढोकीतल्या प्रत्येक गटाराशी त्यांची पायओळख आहे.

घर स्टेशनाच्या वाटेवर, पत्र्याचं. ज्या कोनाड्यात इतरांकडं देव असतात तिथं 'बुलर्स' या विलायती कारखान्याचा शिक्का असलेला कप बसलाय. देव जरा बाजूला सरकलेत. खालच्या फळीवर कोलकात्याच्या बंगाल पॉटरीजचे, त्याखाली बंगलोरच्या सरकारी पोर्सिलेन कारखान्याचे. वीज मंडळाच्या खांबांवरचे तपकिरी, दणकट इन्सुलेटर मात्र पडवीतच. त्यांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. "ते विजेचे," मामा म्हणतात. "नुसती ताकद. आपल्या तारंत बोलणं हुतं." एकूण संख्या विचारली तर सांगत नाहीत. दृष्ट लागते. मामींना विचारली तर त्या म्हणतात, "झाडलोट करणाराला इचारा, मोजणाराला इचारू नका."

मामींनी या संग्रहाचा आपल्या पद्धतीनं बंदोबस्त केला आहे. एक कप पिठाच्या डब्यावर वजन म्हणून. एक दाराला अटकाव म्हणून. टेलिफोनचे लहान कप उलटे करून त्यात उदबत्त्या. एकदा पाहुण्यांना चहा द्यायला कप कमी पडले तेव्हा मामींनी फळीकडं नुसतं पाहिलं. मामा उठून शेजारून कप घेऊन आले.

मामांकडं गेलात तर बसायला पाट मिळतो, चहा मिळतो आणि शिकवणी मिळते. शिकवणी टळत नाही. "लोकांला वाटतं तार म्हंजे तार. आवं, तारंला काय अक्कल लागती? लोखंड हाय ते. आणलं, ताणलं, झालं. कारागिरी वाटीत हाय." इन्सुलेटरला मामा वाटी म्हणतात. मग ते जमिनीवर खडूनं बार्शी, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर असे ठिपके काढतात. ही बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आणली आणि १९११ मध्ये ती निजामाच्या मुलखातून, ढोकीवरून, लातूरला पोचली. रुळाबरोबर तार आली. तारायंत्राची तार एकेरी असायची. बार्शीहून निघालेला प्रवाह तारेतून लातूरला जाणार आणि परतीचा रस्ता जमिनीतून. म्हणजे ज्या जमिनीत खांब रोवलाय तीच जमीन प्रवाहाला खाली बोलावत असते. प्रत्येक खांब ही त्याच्यासाठी आडवाट. एका कपावरून होणारी गळती कुणी मोजणारही नाही इतकी किरकोळ. पण मैलाला डझन-दीड डझन खांब, आणि ओळीनं शेकडो खांबांवर थोडंथोडं गळू लागलं की बार्शीचा तारबाबू किल्ली आपटत बसतो आणि लातूरला नुसती शांतता.

"आणि पाऊस लागला की?" हा प्रश्न आपण विचारावा अशी मामांची अपेक्षा असते. विचारला नाही तर ते स्वतःच विचारतात. ओल्या चिनी मातीच्या आतून करंट जात नाही, तिच्या अंगावरच्या पाण्याच्या पापुद्र्यावरून जातो. म्हणून कप उपडा. म्हणून त्याच्या आत आणखी एक कप. बाहेरून पावसानं कितीही झोडपलं तरी आतल्या कपाची आतली बाजू कोरडी, आणि तेवढ्या कोरड्या बोटभर जागेवर लातूरचा सगळा कारभार. खांबाला कप बसवायचा तो आट्यांवर फिरवून, खाली रबराचं कडं घालून. हा आट्यांचा कप विलायतेत कॉर्डो नावाच्या माणसानं १८७७ च्या सुमाराला आणला. मामा त्याचं नाव नात्यातल्यासारखं घेतात. "कॉर्डोनं लई उपकार केलेत. न्हाईतर फुटकी वाटी बदलायची म्हंजे बोल्टासकट काढा, घरी न्या, शिमिट फोडा."

भारतातल्या तारेचा मूळ पुरुष मात्र मामांच्या मर्जीतून उतरलाय. विल्यम ओ'शॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. त्यानं १८३९ मध्ये कोलकात्यात तारेचे प्रयोग केले, १८५१ च्या आसपास डायमंड हार्बरपर्यंत ओळ टाकली आणि पुढं देशभर. सुरुवातीला तारेऐवजी बोटाएवढी जाड लोखंडी सळई वापरली आणि इन्सुलेटरची फारशी पत्रास ठेवली नाही. नंतर त्या ओळी नीट इन्सुलेटर लावून पुन्हा उभाराव्या लागल्या. याच डॉक्टरनं पाश्चात्त्य वैद्यकाला गांज्याच्या औषधी उपयोगाची ओळख करून दिली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध फक्त मामा लावतात. "म्हणूनच वाटी इसरला."

ढोकीत राहून चिनी मातीचा नाद लागणं तसं नवल नाही. तेरणेकाठचं तेर इथून जवळ, आणि तेर म्हणजे गोरोबाकाका. चैत्रात तिथं यात्रा भरते तेव्हा मामा दर्शनाला जातात, पण त्यांचा नमस्कार संताला कमी आणि कुंभाराला जास्त असतो. कच्चा की पक्का ही परीक्षा त्यांनी तिथूनच घेतली आहे. कप हातात आला की आधी टिचकी. पक्का भाजलेला टणकन बोलतो, तडकलेला बद्द वाजतो. मग शाई. फुटक्या तुकड्यावर लाल शाईचा थेंब टाकायचा आणि पुसायचा. डाग आत शिरला तर माती कच्ची. शाई संपली असेल तर जीभ. नीट न भाजलेली माती जिभेला चिकटते, पक्की चिकटत नाही. ही शास्त्रशुद्ध परीक्षा मामा चारचौघांत करतात, त्यामुळं नव्या पाहुण्याला घरात शिरल्या शिरल्या एक उंच म्हातारा खापर चाटताना दिसतो. मामींचं त्यावर एकच म्हणणं असतं. "कालवणात मीठ न्हाई ते कळत न्हाई, आन् खापराची चव कळती."

गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं, सगळे गप्प बसले आणि नामदेवांनी तेवढी कुरकुर केली, म्हणून ते कच्चे ठरले. ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिचा अर्थ कीर्तनकार अहंकाराकडं नेतात. मामा खात्याकडं नेतात. "बाकीच्यांनी मार पोटात ठिवला. नामदेवाच्या तोंडातून भाईर आला. ह्याला काय म्हणायचं? गळती." आणि मग, नामदेवांवर अन्याय नको म्हणून, "फुडं औंढ्याला जाऊन विसोबा खेचरांकडून भाजून घेतलं त्यांनी. पक्के झाले," असंही सांगतात.

तेरला दुसरीही एक व्यक्ती मामांचं दैवत आहे. रामलिंगप्पा लामतुरे. पावसानं पांढरीच्या टेकाडांतून उघडं पडलेलं प्राचीन तगर नगरीचं सामान त्यांनी वेचून वेचून सांभाळलं, आणि आज तिथलं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावानं उभं आहे. रोमन व्यापाराच्या खुणा, सातवाहन काळातल्या मूर्ती आणि केओलिन म्हणजे पांढऱ्या चिनी मातीतल्या सुबक बाहुल्या. केओलिन हा शब्द कळल्यापासून मामांची मान ताठ झाली आहे, कारण इन्सुलेटरच्या मातीतही मुख्य केओलिनच, सोबत फेल्डस्पार आणि गारगोटी. दोन हजार वर्षांचा अधला-मधला काळ वगळला तर आपण एकाच धंद्यातले, असा त्यांचा हिशेब. कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, "मग मामा, तुमच्या वाट्याबी द्या की संग्रहालयाला." मामा गंभीर झाले. "घाई न्हाई. आधी पुरल्या पायजेत."

संग्रह वाढला तो नॅरोगेज उखडली तेव्हा. २००७-०८ च्या सुमाराला ब्रॉडगेज आली, रूळ बदलले, वाट बदलली. गाडी आता जिल्ह्याच्या गावावरून जाऊ लागली, आणि जुन्या खांबांना कुणी वाली उरला नाही. भंगारवाल्याचं गणित साधं असतं. चिनी मातीला भाव नाही, आतल्या लोखंडी बोल्टाला आहे. म्हणून तो कप हातोडीनं फोडतो आणि बोल्ट घेतो. मामा सायकलीला पोतं बांधून त्याच्या आधी पोचायचा प्रयत्न करत. जिथं उशीर झाला तिथं बोल्टाचा भाव रोख मोजून वर चहा पाजत आणि कप वाचवत. एका खांबापाशी भंगारवाल्यानं मामांना विचारलं, "ह्याचं करताव काय?" मामांनी उत्तर दिलं, "काय न्हाई." भंगारवाल्यानं भाव दुप्पट केला. ज्याचं काहीच करायचं नाही त्यासाठी सायकल मारत आलेला माणूस काहीतरी लपवतोय, हे त्याला धंद्यानं शिकवलेलं.

त्या काळात मामांची फसवणूकही बरीच झाली. पोरं लिमलेटच्या गोळ्यांसाठी काहीही आणून देत. कपाच्या आत चिखलाचं घर करणारी कुंभारीण माशी जिवंत आली, कोंबडीचं पाणी प्यायचं भांडं आलं. एकानं तपकिरी, जाड, वर गाठ असलेली वस्तू आणली आणि ही निजामाच्या वेळची म्हणून मोठी रक्कम मागितली. मामांनी ती दिली आणि वस्तू कोनाड्यात बसवली. निजामाचं टपाल वेगळं होतं, तिकिटं वेगळी होती, तर वाटी का वेगळी नसावी, असा युक्तिवाद. पुढं मामींच्या माहेरची एक म्हातारी आली, तिनं कोनाड्यात पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही लोणच्याच्या बरणीवरची टोपी. बरणी कुठंय?" वस्तू अजूनही कोनाड्यात आहे. हिचा अभ्यास चालू आहे, असं मामा सांगतात.

एकदा चौकशीही झाली. कुणीतरी कागाळी केली की मामांच्या घरी सरकारी माल आहे. गणवेशातला माणूस दारात उभा राहिल्यावर मामांनी हात जोडले नाहीत, कायदा काढला. टेलिग्राफ वायर्स अनलॉफुल पझेशन ॲक्ट, १९५०. तांब्याच्या तारांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या की तार नुसती जवळ सापडणं हाच गुन्हा ठरवावा लागला. पुढं तर तांबंच काढून ॲल्युमिनियमच्या तारा टाकायची वेळ आली. "ह्यात वाटी कुठं लिव्हलीय ते दाखवा," मामा म्हणाले. पाहुण्यानं कायदा उलटसुलट पाहिला, चहा घेतला, आणि जाताना खापर चाटायची परीक्षा स्वतः करून गेला.

मामांच्या खात्यात लाइनीचे दोष तीन. तार तुटली की 'डिस'. तार जमिनीला लागली की 'अर्थ'. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की 'कॉन्टॅक्ट'. जन्मभर हेच तीन आजार हुडकल्यामुळं निवृत्तीनंतर मामांनी तेच निदान गावाला लागू केलं. बाप-लेक बोलत नाहीत? डिस. उसाचं बिल आलं आणि घरी पोचलंच नाही, मधल्या देशी दुकानात मुरलं? अर्थ. कॉलेजला जाणारी दोघं एकाच बसच्या एकाच बाकड्यावर रोज? इथं मामा डोळे मिचकावतात. "कॉन्टॅक्ट." निदान फार वेळा अचूक निघतं. अडचण एवढीच, की दोष सापडला की लाइनमननं तो कंट्रोलला कळवायचा असतो, आणि मामांचा कंट्रोल म्हणजे सगळी ढोकी.

कारण ज्या माणसानं जन्मभर गळती थांबवली, घरभर इन्सुलेटर मांडले, संतांनाही गळतीच्या कसोटीला लावलं, त्या तारमामांच्या स्वतःच्या पोटात काही म्हणता काही ठरत नाही. खांबावर चढलेल्या लाइनमनजवळ टेस्ट फोन असतो. दोन चिमटे तारांना लावले की लाइन चालू आहे का ते ऐकू येतं. लाइन चालू असेल तर लाइनीवरचं बोलणंही ऐकू येतं. ट्रंक कॉलचे दिवस. साधा कॉल तासन्‌तास लागायचा नाही, अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. इतके पैसे मोजून माणूस जे बोलायचा ते महत्त्वाचंच असायचं. तेरणा कारखान्याच्या उसाचा भाव, लातूरच्या अडतीतली तेजी, कुणाच्या मुलीला आलेला होकार, हे सगळं आधी मामांच्या कानावर आणि खांबावरून उतरेपर्यंत ओठांवर.

१८८५ च्या तार कायद्यानं खात्यातल्या माणसाला निरोप फोडायची बंदी होती, तुरुंगाची तरतूद होती. मामांना कलम तोंडपाठ. "सांगायचं न्हाई, बरूबर. मी कुठं सांगितलं? मी म्हन्लं, अमक्याच्या घरी मांडवाला बांबू लागतील." एकदा तर मुलीच्या बापाला होकाराची बातमी कळायच्या आधी बांबूवाला दारात हजर झाला होता.

आता टेस्ट फोन नाही, पण गळती तशीच. मामांना काही सांगायचं असलं की ते आपल्या खांद्यावर हात ठेवतात, इकडंतिकडं बघतात आणि म्हणतात, "लेका, तुझ्यापाशीच ठिव." ढोकीत या वाक्याला दवंडीचा दर्जा आहे. एकानं मुद्दाम पारख केली. सकाळी बाजारात मामांना सांगितलं की माळाचं रान विकायचंय, कुणाला बोलू नका. दुपारच्या गाडीनं मुरूडहून गिऱ्हाईक उतरलं. त्या माणसाला रान विकायचं नव्हतं, पण भाव असा आला की विकून बसला. आता मामा त्या व्यवहारातही दलाली न घेतल्याचं सांगत फिरतात.

मामांच्या मेगरचं प्रकरण याहून जुनं. हातानं फिरवायचा तो डबा, आत पाचशे व्होल्टचं जनित्र, काट्यावर इन्सुलेशन दिसतं. निवृत्तीच्या वेळी मोडीत निघालेला मेगर मामांनी पैसे भरून सोडवून आणला होता. भाचीला बघायला मुलगा आला. नोकरी चांगली, बोलणं गोड, घरचे खूष. मामांनी आदरानं मेगरच्या दोन्ही तारा त्याच्या हातात दिल्या, "जरा धरा," म्हणाले आणि दांडा फिरवला. मुलगा पाटावरून वीतभर उडाला आणि त्याच्या तोंडून एक शब्द निघाला तो त्यानं तोवरच्या गोड बोलण्यात वापरला नव्हता. मामांनी काटा पाहिला. "कच्चा हाय." मामींनी तीन दिवस मामांना ताट दिलं पण वाढलं नाही. लग्न तिथंच झालं. मुलगा पुढं पक्का निघाला. फक्त सासुरवाडीला आला की दोन्ही हात खिशात ठेवतो.

अमेरिकेतला नाद मामांना भाचीच्या मुलानं दाखवला. मोबाइलवर त्यानं मोठा हॉल काढला. टेबलांवर निळे, हिरवे, जांभळे काचेचे इन्सुलेटर, मागून दिवे सोडलेले, आणि मामांच्याच वयाचे गोरे म्हातारे भिंगातून शिक्के वाचताहेत. तिकडं हेमिंग्रे नावाच्या कारखान्याचे काचेचे इन्सुलेटर कोट्यवधींनी बनले. जमवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाच आहे, १९७३ पासून. प्रत्येक आकाराला त्यांनी क्रमांक दिलेत. एकेका दुर्मीळ नगाला हजारो डॉलर पडतात. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काचंच्या? रंगीत? बांगड्याचं दुकान हाय व्हय हे?" पण त्या रात्री त्यांनी मामींना उठवून सांगितलं, की जगात आपण एकटे नाही. मामी म्हणाल्या, "त्येंच्या बायकांचा लंबर मिळतो का बघा."

लंडन ते तेहरान आणि पुढं भारत अशी जी ओळ सीमेन्सनं १८७० मध्ये पुरी केली, तिच्यावर लंडनचा संदेश कोलकात्याला २८ मिनिटांत पोचवून दाखवला होता. मामा हा आकडा बार्शी लाइटशी ताडून बघतात. २८ मिनिटांत आपली गाडी येडशीचा घाट चढायला लागलेली असायची. मामांना त्या ओळीतला वेग आवडतो, पण त्याहून आवडतात तिचे लोखंडी टोपी घातलेले इन्सुलेटर, वाटेतल्या नेमबाजांपासून जपलेले. पोरं सगळीकडं सारखीच, एवढंच त्यांचं मत.

तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद होणार असं जाहीर झालं. मामा त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी गेले, रांगेत उभे राहिले आणि मामींच्या नावे तार केली. मग बसनं घरी आले, जेवले, झोपले. तार दुसऱ्या दिवशी आली. मामा रानात गेलेले. 'तार' एवढं ऐकूनच मामींनी पुण्याच्या मुलाच्या नावानं हंबरडा फोडला, आळी गोळा झाली, कुणीतरी वाचलं. 'आज येतो, जेवायला थांब.' मामा रानातून आले तेव्हा आळी अजून तिथंच होती. पुढचे काही दिवस घरात कोणता दोष होता हे मामांनी कुणाला सांगितलं नाही. लोकांनीच ओळखलं. डिस.

सगळंच मामांच्या तोंडातून बाहेर पडतं असं मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं एका रात्रीत मातीखाली गेली. आदल्या दिवशी गणपती पोचवले होते. तिकडं लाइन ओढायला जी माणसं पाठवली त्यांत मामा होते. महिनाभर राहिले. त्या महिन्याबद्दल कुणी विचारलं की मामा फळीवरचा एक कप काढतात, फडक्यानं पुसतात, परत ठेवतात आणि उसाचा भाव काढतात. कट्ट्यावरच्या पोरांनी खोदून पाहिलं, मीही पाहिलं. तेवढ्या जागी मामा कोरडे आहेत.

बाकी जग त्यांना हल्ली पटत नाही. आता बोलणं काचेच्या धाग्यातून जातं, असं कुणीतरी ऑप्टिकल फायबर दाखवून सांगितलं तेव्हा त्यांनी धागा हातात घेऊन निरखला. "ह्यातून करंट जात न्हाई?" नाही, उजेड जातो. "जमिनीला लागला तर?" काही होत नाही. मामांनी धागा परत दिला. ज्याला जमिनीची भीतीच नाही त्याला वाटी कशाला लागेल, आणि ज्याला वाटी लागत नाही त्याच्याशी मामांना कर्तव्य काय?

तेव्हा वाचकहो, आजोळच्या माळवदावर, बंद पडलेल्या एखाद्या स्टेशनाच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर तुम्हाला असा चिनी मातीचा उपडा कप सापडला तर बोल्टासाठी फोडू नका. पिशवीत घाला आणि ढोकीला उतरा. मामांचं घर कुणीही दाखवेल. चहा मिळेल, पाट मिळेल, कप पक्का निघाला तर जेवणही. मेगरच्या तारा हातात दिल्या तर घेऊ नका. आणि कप कुठं सापडला ते लातूरला कळू नये असं वाटत असेल, तर मामांना तेवढं सांगू नका.